गोल्ड रशच्या गावात रोज गोळीबार व्हायचा का?

"सोन्याच्या गावात कायदा नव्हताच, रोज रस्त्यात पिस्तुलं निघायची, माणसं मरायची" असा एक मेसेज गोल्ड रशबद्दल (म्हणजे सोनं सापडल्याचं कळताच तिकडे उडणारी माणसांची झुंबड) वर्षानुवर्षं फिरतोय. सिनेमे बघून पटतं पण, मलाही पटलेलं.

आता डॉसन बघा, कॅनडातलं. जवळच्या ओढ्यात 1896 ला सोनं सापडलं आणि 1898 पर्यंत तिथे हजारो माणसं गोळा झाली. पण पोलिस आधीच पोचलेले होते, गावात पिस्तूल घेऊन फिरायला बंदी, शनिवारी मध्यरात्री दारूचे अड्डे बंद ते थेट सोमवारीच उघडायचे, रविवारी लाकडं फोडली तरी दंड! आणि छोट्या गुन्ह्याला शिक्षा काय तर पोलिसांच्या शेगड्यांसाठी लाकडं फोडत बसा. (तिकडच्या थंडीत ही शिक्षा काही साधी नाही हं.)

मग माणसं मरायची कशाने? दलदलीत वसलेलं गाव, गटारं नाहीत, त्यामुळे 1898 च्या उन्हाळ्यात टायफॉइड पसरला. भाजी-फळं नसल्याने हिरड्यांतून रक्त येणारा स्कर्व्ही वेगळाच.

मात्र सगळीकडे असंच होतं असं नाही, अलास्कातल्या स्कॅगवेमध्ये खरंच गुंडगिरी होती, म्हणजे मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही.

चेक करायचं तर त्या काळातले डॉसनचे फोटो ऑनलाइन आहेत ते बघा, चिखलाचे रस्ते, दुकानांच्या पाट्या, गर्दी, आणि किती जणांच्या कमरेला पिस्तूल दिसतंय ते मोजा. जुनी वर्तमानपत्रंही स्कॅन केलेली मिळतात.