हवामान कृती, निसर्गसान्निध्य आणि आरोग्य: एका हिशेबाची पार्श्वभूमी

हवामान बदलावरील वार्षिक जागतिक परिषदेत आरोग्यासाठी स्वतंत्र दिवस पहिल्यांदा राखून ठेवला गेला तो २०२३ मध्ये, दुबई येथे. ज्या मूळ करारातून या परिषदा सुरू झाल्या तो मात्र १९९२ चा आहे, आणि त्याच्या पहिल्याच कलमात हवामान बदलाच्या प्रतिकूल परिणामांची व्याख्या करताना मानवी आरोग्याचा उल्लेख आलेला आहे. म्हणजे आरोग्याला आरंभापासून स्थान होते, पण ते हानीच्या रकान्यात. उत्सर्जन घटवल्याने माणसे अधिक निरोगी होतील, आणि हा लाभ शतकाच्या अखेरीस नव्हे तर काही महिन्यांत किंवा वर्षांत दिसू लागेल, हा विचार धोरणाच्या मध्यभागी यायला तीन दशके लागली. या विलंबाचे मोठे कारण विज्ञानातील उणिवांपेक्षा हिशेबाच्या पद्धतीत होते, आणि म्हणूनच या टिपणात त्या हिशेबाला अधिक जागा दिली आहे.

निसर्गाच्या सहवासाने प्रकृती सुधारते ही समजूत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपात क्षयरोग्यांसाठी डोंगरांत आरोग्यधामे उभी राहिली आणि औद्योगिक शहरांत सार्वजनिक उद्याने आखली गेली, तेव्हा त्यामागे दूषित वाफांमुळे रोग पसरतात असा सिद्धांत होता. तो पुढे चुकीचा ठरला, तरी उद्याने राहिली. जंतुशास्त्र आणि नंतर प्रतिजैविके आल्यावर वैद्यकाचे लक्ष रोग्याच्या परिसराकडून रोगजंतूकडे वळले आणि हा विषय जवळपास शतकभर नगररचनाकारांच्या हाती राहिला.

तो वैद्यकात परतला १९८० च्या दशकात. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये ‘वनस्नान’ ही कल्पना पुढे आणली. १९८४ मध्ये एका विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या नोंदींवर आधारलेला छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि ज्यांना समोर विटांची भिंत दिसत होती, अशा रुग्णांच्या २३ जोड्यांची त्यात तुलना केलेली होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. नमुना लहान होता, पण मोजमाप रुग्णालयाच्याच नोंदींचे असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करणे अवघड गेले.

त्यानंतर निरीक्षणात्मक अभ्यासांचा ओघ सुरू झाला. २००८ मध्ये इंग्लंडच्या लोकसंख्येवरील एका अभ्यासात, हिरवाई अधिक असलेल्या भागांत गरीब आणि सुस्थितीतील लोकांच्या मृत्युदरांमधील दरी कमी असल्याचे आढळले. २०१९ मध्ये तिथल्याच सुमारे २०,००० लोकांच्या सर्वेक्षणात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी स्वतःचे आरोग्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा आकडा पुढे औषधाच्या मात्रेसारखा सर्वत्र सांगितला जाऊ लागला, जे त्या अभ्यासाला पेलणारे नव्हते, कारण प्रकृती बरी असलेला माणूसच अधिक वेळ बाहेर पडतो ही शक्यता तेथे पूर्णपणे दूर होत नव्हती. शिवाय झाडांच्या परिसरातील घरे बहुधा महाग असतात आणि तेथे राहणारे मुळातच सधन असतात.

या आक्षेपाला उत्तर मिळाले ते एका किडीमुळे. आशियातून आलेला, ॲश जातीची झाडे पोखरणारा एक हिरवा भुंगेरा २००२ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिसरात प्रथम आढळला आणि पुढे त्याने श्रीमंत-गरीब असा भेद न करता कोट्यवधी झाडे मारली. १५ राज्यांतील १९९० ते २००७ या काळातील मृत्यूंची आकडेवारी तपासली असता, कीड पोहोचलेल्या जिल्ह्यांत हृदयरोगाने सुमारे १५,००० आणि श्वसनरोगाने सुमारे ६,००० अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला. येथे माणसांनी झाडे निवडली नव्हती. झाडेच त्यांच्यापासून हिरावली गेली होती. मग उलट दिशेचे प्रयोगही झाले. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंडांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींवर हिरवळ व झाडे लावली गेली, काहींवरचा फक्त कचरा उचलला गेला आणि काही तसेच ठेवले गेले. २०१८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार हिरवे केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याचे प्रमाण, काहीच न केलेल्या भूखंडांच्या तुलनेत, सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. नुसता कचरा उचलल्याने तसा ठोस फरक पडला नाही. २०२४ मध्ये लुईव्हिल शहरातील प्रकल्पातून, सुमारे ८,००० मोठी झाडे व झुडपे लावलेल्या वस्त्यांतील रहिवाशांच्या रक्तात दाहाचा एक निर्देशक १३ ते २० टक्क्यांनी कमी आढळल्याचे मांडले गेले. हा निर्देशक हृदयविकाराच्या धोक्याशी निगडित असल्यामुळे ‘बरे वाटते’ येथून ‘शरीरात बदल होतो’ येथपर्यंतचे अंतर त्याने बरेच कमी केले.

हिरवाईच्या पुराव्यांसोबतचा दुसरा प्रवाह धुराचा. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस साचलेल्या धुरक्याने आधीच्या अंदाजानुसार सुमारे ४,००० आणि नंतरच्या फेरतपासणीनुसार सुमारे १२,००० बळी घेतले, हे सर्वज्ञात आहे. अधिक शिकवून गेल्या त्या धूर थांबल्याच्या घटना. अमेरिकेच्या यूटा राज्यातील एका खोऱ्यात पोलादाचा कारखाना कामगार-वादामुळे १९८६ ते १९८७ दरम्यान सुमारे वर्षभर बंद राहिला, आणि त्या काळात लहान मुलांचे श्वासनलिकादाह व दम्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. कारखाना सुरू झाल्यावर ते पुन्हा वाढले. डब्लिनमध्ये सप्टेंबर १९९० पासून धूर करणाऱ्या कोळशाच्या विक्रीवर बंदी आली आणि हवेतील काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. पहिल्या विश्लेषणात श्वसनरोग आणि हृदयरोग या दोन्हींचे मृत्यू घटलेले दिसले. दशकभराने झालेल्या फेरविश्लेषणात हृदयरोगाची घट बंदी नसलेल्या भागांतही झाल्याचे लक्षात आले आणि तो दावा मागे पडला, श्वसनरोगाचा मात्र टिकला. अटलांटातील १९९६ च्या ऑलिंपिक काळात रहदारी कमी झाल्याने मुलांच्या दम्याचे झटके घटले, या निष्कर्षाचेही नंतर असेच झाले, कारण त्या दिवसांत आसपासच्या इतर शहरांतही ओझोन, म्हणजे जमिनीलगत साचणारा आणि श्वासाला अपायकारक वायू, कमी होता. या दुरुस्त्यांचा उपयोग हवामान धोरणाचे विरोधक वारंवार करतात. वास्तविक त्या तपासणीमुळेच उरलेले पुरावे भक्कम झाले आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतील सहा शहरांतल्या ८,००० हून अधिक प्रौढांचा दीर्घकालीन अभ्यास आला, त्यात सर्वांत प्रदूषित शहरातील मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक होता. हवेतील सूक्ष्म कणांवरील पुढचे बहुतेक नियम या पायावर उभे राहिले.

कोळसा, डिझेल आणि इतर जीवाश्म इंधने जाळली की कार्बन डायऑक्साइड आणि सूक्ष्म कण एकाच धुराड्यातून बाहेर पडतात, त्यामुळे एकाला आळा घातला की बहुधा दुसराही घटतो. हे उघड सत्य आकड्यांत मांडण्याचा मोठा प्रयत्न हवामान बदलावरील क्योटो परिषदेच्या तोंडावर, १९९७ मध्ये झाला. उत्सर्जनकपात केल्यास २००० ते २०२० या काळात केवळ सूक्ष्म कण घटल्याने सुमारे ८० लाख मृत्यू टळतील, असा अंदाज एका वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. वाटाघाटींवर त्याचा परिणाम जवळजवळ झाला नाही. तेथे चर्चा खर्चाच्या वाटणीची होती, आणि टळलेले मृत्यू हा ‘सहलाभ’, म्हणजे मूळ हेतूसोबत अनायासे मिळणारे काहीतरी, मानला गेला.

हा सहलाभ हिशेबात धरायचा की नाही, यावरचा सर्वांत स्पष्ट संघर्ष हवामानाच्या नव्हे तर पाऱ्याच्या नियमावरून झाला. अमेरिकेच्या पर्यावरण नियामकाने औष्णिक वीजकेंद्रांतून बाहेर पडणारा पारा आणि इतर विषारी द्रव्ये रोखण्यासाठी २०११ च्या अखेरीस नियम केले. त्यांचा वार्षिक खर्च ९.६ अब्ज डॉलर आणि पारा कमी झाल्याचा थेट, पैशात मोजता आलेला लाभ ४० ते ६० लाख डॉलर इतका धरला होता. मात्र पारा अडवणारी यंत्रणा सूक्ष्म कणही अडवते, आणि ते जमेस धरले की एकूण लाभ ३७ ते ९० अब्ज डॉलरवर जात होता, ज्यात दर वर्षी ११,००० पर्यंत अकाली मृत्यू टळणे समाविष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की नियम करायचा की नाही या पहिल्याच टप्प्यावर खर्चाचा विचार व्हायला हवा होता. पण सहलाभ मोजावेत की नाही हा प्रश्न निकालाने मोकळाच सोडला. त्या मोकळ्या जागेत पुढची आठ वर्षे गेली. नियामकाने २०१६ मध्ये खर्च रास्त ठरवला, २०२० मध्ये प्रशासन बदललेले असताना सहलाभ बाजूला ठेवून नियमाचा आधारच काढून घेतला, आणि २०२३ मध्ये तो पुन्हा दिला. वीजकेंद्रांनी दरम्यान यंत्रणा बसवलेली होती.

सहलाभ वगळणाऱ्यांचा युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नव्हता. सूक्ष्म कणांसाठी वेगळे नियम आहेत, मग तोच लाभ प्रत्येक नियमाच्या जमेस दाखवून दुबार मोजणी का करावी, असा तो होता, आणि दुबार मोजणी टाळणे आवश्यकच आहे. परंतु ती टाळण्याचा मार्ग एकदाच मोजणे हा आहे, शून्य धरणे हा नव्हे. ज्याचे फुप्फुस वाचले त्याला ते पाऱ्याच्या नियमाने वाचले की कणांच्या, याने काहीही फरक पडत नाही. आणखी एक गोष्ट या वादात मागे राहिली: तो ४० ते ६० लाखांचा आकडा केवळ हौसेने गोड्या पाण्यातले मासे धरणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या बुद्ध्यंकाची हानी मोजून काढलेला होता. पाऱ्याचे जे इतर अपाय पैशात मांडता आले नव्हते, ते गणितात आपोआप शून्य झाले होते.

हाच नमुना पुढे थेट हवामान नियमांवर उमटला. वीजकेंद्रांच्या कार्बनवरील २०१५ च्या नियमात हवामानविषयक लाभ सुमारे २० अब्ज डॉलर आणि आरोग्याचा सहलाभ १४ ते ३४ अब्ज डॉलर धरला होता. तो रद्द करण्याच्या २०१७ च्या प्रस्तावातील काही गणितांत, ठराविक पातळीखालच्या सूक्ष्म कणांनी होणारी हानी शून्य मानली गेली. २०२१ मध्ये सूक्ष्म कणांची जागतिक मार्गदर्शक मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली गेली ती नेमकी कमी पातळीवरही हानी होते हे दिसल्यामुळे.

सगळी हवामान कृती आरोग्याला पोषकच असते असे मात्र नाही. कार्बन कमी म्हणून युरोपात करसवलती देऊन वाढवलेल्या डिझेल मोटारींनी शहरांत नायट्रोजन डायऑक्साइड वाढवला, आणि मोटारींच्या उत्सर्जन चाचण्यांतील, २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या फसवणुकीने त्याची व्याप्ती दाखवली. तेथे कार्बन मोजला होता आणि फुप्फुसे मोजली नव्हती.

दोन्ही प्रवाह एकत्र आले ते उष्णतेमुळे. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात सुमारे ७०,००० अतिरिक्त मृत्यू झाले. झाडांची सावली आणि पानांतून होणारे बाष्पोत्सर्जन शहराचे तापमान उतरवते, हे माहीत होते. त्याचे मृत्यूंत रूपांतर २०२३ च्या एका अभ्यासाने केले. ९३ युरोपीय शहरांत वृक्षाच्छादन ३० टक्क्यांवर नेले असते, तर २०१५ च्या उन्हाळ्यात शहरी उष्णतेमुळे झालेल्या सुमारे ६,७०० मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक टळले असते, असे त्यात आढळले.

तरीही झाडे हवामान आराखड्यांत नोंदली जातात ती प्रामुख्याने त्यांनी शोषलेल्या कार्बनच्या टनांत. शहरातील झाडाच्या बाबतीत तो त्याच्या लाभांपैकी अगदी लहान भाग आहे. सावली, मनःस्वास्थ्य आणि शारीरिक हालचालींना मिळणारी चालना यांना त्या तक्त्यांत बहुधा रकानाच नसतो. परिणामी लागवडीसाठी जागा निवडताना वस्तीपासून दूरची स्वस्त जमीन गणितात सरस ठरते, आणि ज्या दाट, तापलेल्या वस्त्यांत एकेका झाडाचा आरोग्यावरील परिणाम सर्वाधिक असतो, त्या यादीत खाली राहतात.