दुसरा असणं आणि वेगळा असणं

सोसायटीच्या खालच्या टाकीवर दोन पंप असतात. एकाची मोटर जळली तर दुसरा चालू करायचा. पण वीज गेली की दोघेही एकदम गप्प! मग आठवतो कोपऱ्यातला हातपंप. दोन पंप ठेवणं म्हणजे रिडंडन्सी (तसाच दुसरा), हातपंप ठेवणं म्हणजे डायव्हर्सिटी (वेगळ्या तऱ्हेने चालणारा). आपण दोन्हींना सरसकट ‘बॅकअप’ म्हणतो आणि गोंधळ तिथेच होतो.

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपच्या एरियन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. रॉकेटची दिशा आणि वेग कळवणारे दोन संगणक होते: एक कामावर, दुसरा राखीव पण चालू. हार्डवेअर तेच आणि सॉफ्टवेअरही तेच, आधीच्या एरियन ४ वरून जवळपास जसंच्या तसं उचललेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग मात्र फार लवकर वाढत होता. त्या वेगाशी निगडित ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबायला गेल्यावर मावेना, कारण तिथली कमाल मर्यादा ३२,७६७. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी आधी राखीव संगणक बंद पडला आणि ७२ मिलिसेकंदांच्या आत, त्याच कारणाने, मुख्यही. त्याने जाता जाता पाठवलेली बिघाडाची नोंद रॉकेटला वळवणाऱ्या उड्डाण-संगणकाने खरी माहिती समजून वाचली, इंजिनांचे नॉझल (ज्वाळा बाहेर सोडणारी तोंडं) वळवले आणि रॉकेटचे तुकडे झाले. चीड आणणारी गोष्ट म्हणजे, ज्या हिशेबात हे घडलं त्याचा एरियन ५ ला उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता.

मोटर झिजते, तार तुटते. असे बिघाड दोन प्रतींत एकाच क्षणी सहसा होत नाहीत. सॉफ्टवेअर झिजत नाही. त्यातली चूक पहिल्या दिवसापासून असते, प्रत्येक प्रतीत.

म्हणून अमेरिकी स्पेस शटलवर चार संगणकांत एकच सॉफ्टवेअर होतं, पण पाचव्यात वेगळ्या कंपनीने स्वतंत्रपणे लिहिलेलं. महागडा उपाय, आणि तोही रामबाण नाही. १९८६ मध्ये नाइट आणि लेव्हसन या संशोधकांनी एकाच कामासाठी वेगवेगळ्या लोकांकडून लिहून घेतलेले २७ प्रोग्रॅम दहा लाख चाचण्यांतून तपासले. अनेक प्रोग्रॅम एकाच ठिकाणी चुकले, नुसत्या योगायोगाने चुकले असते त्याहून कितीतरी जास्त वेळा. अवघड गणितात सगळा वर्ग एकाच पायरीवर अडखळतो, तसंच.

चालकविरहित गाडीत कॅमेऱ्याच्या जोडीला बहुधा रडार असतं. दाट धुक्यात कॅमेरा आंधळा होतो, रडारला बरंच दिसत राहतं. हे वेगळेपण खरं. पण दोघांना वीज पुरवणारी तार एकच असेल, तर आपण पुन्हा त्या दोन पंपांपाशी.