नजर वळते, पाय का थांबत नाहीत?

गोव्यात ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियममध्ये भरलेल्या एका व्यापारी प्रदर्शनात माझ्या मामेबहिणीने कोकमाचा स्टॉल घेतला होता. टेबलावर अकरा प्रकारच्या बाटल्या, मागे सात ओळींचा फलक आणि टेबलापलीकडे खुर्चीत बसलेली ती. हॉटेलवाले समोरून जात, फलकाकडे बघत आणि पुढे सरकत. "बघतात सगळे, थांबत कोणीच नाही," दुपारी ती वैतागून म्हणाली.

बघणे आणि थांबणे यांतले हे अंतर मोजून झालेले आहे. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर त्यांची माणसे उभी राहून सहाव्या मजल्यावरच्या खिडकीकडे टक लावून बघत. खिडकीत विशेष काही नव्हते. एकच माणूस वर बघत असला, तरी ये-जा करणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांनी मान वर केली; पण थांबले फक्त ४ टक्के. बघणारे १५ झाले तेव्हा मान वर करणारे ८६ टक्क्यांवर गेले, तर थांबणारे ४० टक्क्यांवर. म्हणजे नजर दुपटीने वाढली आणि पाय दसपटीने! मान वळवायला काही लागत नाही, थांबायला मात्र वेळ मोडावा लागतो. तो मोडावा की नाही, हे आपण आधी थांबलेल्यांकडे बघून ठरवतो. शंभर स्टॉल पारखणे कोणाला शक्य आहे?

मग पहिला माणूस थांबायचा कसा? फलकाने नाही. हात लांब करून अंगठ्याचे नख बघा: बारीक अक्षर स्पष्ट दिसते ते साधारण तेवढ्याच भागात. बाकीच्या नजरेला अक्षरे धूसर दिसतात, पण हालचाल ती झटकन टिपते. जत्रेत भजी तळणाऱ्याची कढई रस्त्याच्या बाजूला असते ती उगाच नाही. वर तिचा वास. डोळ्यांचा आणि कानांचा निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या ठाण्यावरून पुढे जातो. वासाला मात्र भावना आणि आठवणींशी निगडित भागांपर्यंत जवळची वाट आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेबल बाजूच्या भिंतीला लावले. बहीण पुढे येऊन उभी राहिली आणि काचेच्या भांड्यातल्या नारळाच्या रसात कोकमाचे आगळ, म्हणजे मीठ घातलेला दाट रस, ओतू लागली. पांढऱ्यात गुलाबी ढग पसरत जातो, तो बघायला आम्ही घरचेही दर वेळी वाकतो. भाच्याचे दोन मित्र पेले घेऊन शेजारी उभे केले. लबाडीच ती, पण मिलग्रॅमने तरी दुसरे काय केले होते?

टेबल हटवण्यामागे मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांचे माप होते. अनोळखी माणसाशी कामाचे बोलणे साधारण १.२ ते ३.६ मीटरवरून होते, असे त्यांनी १९६६ मध्ये लिहिले. निरीक्षणे अमेरिकेतली, गोव्याच्या सरकारी कदंब बसमध्ये रोज गर्दीत उभ्याने जाणाऱ्याला ती वाचून हसू येईल. तरी मध्ये टेबल आणि पलीकडे खुर्चीतून रोखून बघणारी बाई असली, की माणूस लांबूनच कडेने जातो, हे मी स्वतः पाहिले.

बाटल्याही अकरावरून तीनवर आणल्या. त्याला आधार कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात झालेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या जॅमच्या प्रयोगाचा. चोवीस चवी मांडल्या तेव्हा ६० टक्के लोक थांबले, सहा मांडल्या तेव्हा ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी विकत घेणारे होते अनुक्रमे ३ आणि ३० टक्के. ही गोष्ट विक्रीच्या वर्गांत फार सांगतात. पुढचे मात्र सहसा सांगत नाहीत: २०१० मध्ये अशा पन्नास प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त पर्याय नडले, काही ठिकाणी ते उपयोगीच पडले. आपल्याला काय हवे हे पक्के ठाऊक असलेला गिऱ्हाईक पर्यायांना घाबरत नाही.

संध्याकाळी म्हापशाच्या एका हॉटेलवाल्याने सोलकढी चाखली, मांडलेल्या तिन्ही बाटल्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारले, "बिनमिठाचे आगळ नाही का?" ते टेबलाखालच्या खोक्यात होते. पहिली ऑर्डर त्याचीच.