राजमुद्रा म्हणजे नेमकी कुठली?

मालवणच्या धक्क्यावर पाच मिनिटं उभे राहा. होडीच्या नाळेवर, रिक्षाच्या मागच्या काचेवर, बुलेटच्या टाकीवर तेच अष्टकोनी स्टिकर, आत 'प्रतिपच्चंद्रलेखेव...', आणि हे काय म्हणून कोणालाही विचारा, राजमुद्रा. पण सरकारी मराठीत राजमुद्रा म्हणजे सारनाथचे सिंह, २६ जानेवारी १९५० पासून. शब्द एक, चिन्हं दोन, गोंधळ इथेच. सिंहांसाठी २००५ चा कायदा आहे, खाजगी गाडीवर किंवा दुकानाच्या बोर्डावर ते चालत नाहीत. महाराजांच्या मुद्रेला तो कायदा लागू नाही, त्यामुळे 'राजमुद्रा लावू नका' असं कोणी दरडावलं तर आधी विचारायचं, कुठली?

आणि खरं सांगायचं तर महाराजांची मुद्रा शोभेसाठी नव्हतीच, तो कचेरीचा शिक्का होता. पत्राच्या डोक्यावर मुद्रा आणि शेवटी 'मर्यादेयं विराजते' हा मर्तब, म्हणजे मजकूर इथे संपला, खाली कोणी आपली ओळ घुसडायची नाही. आज मर्तबाचं स्टिकर कोणी लावत नाही, बिचारा मागेच राहिला. दुसरी गंमत, मुद्रेत 'राजा' हा शब्दच नाही. 'मुद्रा भद्राय राजते' मधलं राजते म्हणजे शोभते, आणि मजकूर काय तर शहाजींचा मुलगा शिवाजी, त्याची ही मुद्रा, लोकांच्या कल्याणासाठी. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या कितीतरी आधीपासून ती पत्रांवर आहे. तेव्हा तिला राजमुद्रा म्हणायचं की शिवमुद्रा, यावर वाद घालणारे घालतात, मला शिवमुद्रा बरं वाटतं, पण स्टिकरवाल्याकडे जाऊन मी पण राजमुद्राच मागतो.

संस्थानी चिन्हांचं तसं झालं नाही. सावंतवाडी १९४८ ला विलीन झाली, १९७१ ला देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि आता तिथला राजा बघायचा तर गंजिफाच्या गोल पत्त्यावर, दशावतारी संचात १२० पत्ते, प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान. पर्यटक घेतात आणि फ्रेम करून भिंतीला लावतात, खेळता कोणालाच येत नाही.

शिवमुद्रेला खरा जोर आला तो नौदलामुळे. नौदलाच्या निशाणावर इंग्रजांच्या काळातला लाल क्रॉस १९५० नंतरही राहिला होता, २००१ ला काढला, पण नवीन निशाणावरचा निळा रंग आभाळात आणि पाण्यात मिसळून जातो म्हणून २००४ ला परत आणला (हे पटायला जरा जड जातं पण झालं तसंच), आणि शेवटी २ सप्टेंबर २०२२ ला कायमचा गेला. नवीन निशाणावर मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, आणि त्या अष्टकोनाच्या आत, नांगरावर, सिंह. म्हणजे दोन्ही राजमुद्रा एकाच कापडावर! पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, ॲडमिरलांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरही अष्टकोन येणार हे तिथेच जाहीर झालं. त्याच दिवशी मालवणात राजकोटला उभा केलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, नऊ महिनेही झाले नव्हते. समोर पाण्यात सिंधुदुर्ग १६६४ पासूनचा आहे, आत चुन्यात उमटलेले महाराजांचे म्हणून दाखवतात ते हातापायाचे ठसे आहेत, पण धक्क्यावर आता पहिला प्रश्न पुतळ्याचाच येतो.