कंपवात, त्याचे तोतये आणि ‘स्वेड’चं कोडं

आयुष्यभर पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, रुग्ण म्हणून उपचार घेतलेल्या 100 जणांच्या मेंदूंचा शवविच्छेदनाचा अहवाल 1992 मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. खरा पार्किन्सन्स निघाला 76 जणांत. बाकीच्यांत पीएसपी आणि एमएसए (पार्किन्सन्ससारखे दिसणारे, मेंदू झिजवणारे आजार), अल्झायमर असं काय काय सापडलं. स्कॅनकडून अपेक्षा वाढल्या त्या या पार्श्वभूमीवर. पेटवर, म्हणजे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढलेल्या स्कॅनवर, डोपामिनची (पार्किन्सन्समध्ये कमी पडणाऱ्या मेंदूतल्या रसायनाची) यंत्रणा त्याआधीच, 1983 मध्ये कॅनडात दिसली होती. पण ते संशोधकांपुरतं राहिलं.

रोजच्या वापरात आलं ते डॅटस्कॅन, हीच डोपामिनची यंत्रणा दाखवणारं. युरोपात 2000 मध्ये, अमेरिकेत थेट 2011 मध्ये. निरोगी मेंदूत स्वल्पविरामासारखा आकार दिसतो, आजारात त्याचा पूर्णविराम होतो. अमेरिकेतली परवानगी मात्र बेताची होती: साधा कंप आणि पार्किन्सन्सच्या कुळातला कंप यांतला फरक ओळखण्यापुरती. पीएसपी, एमएसए आणि पार्किन्सन्स या तिन्हींत हा स्कॅन बिघडलेलाच येतो, त्यामुळे त्यांना एकमेकांपासून वेगळं करणं त्याच्या आवाक्यात नाही. हे आजही अनेकांना स्कॅन झाल्यावर कळतं.

खरा गोंधळ झाला ‘स्वेड’चा, म्हणजे लक्षणं पार्किन्सन्सची पण स्कॅन नॉर्मल अशा रुग्णांचा. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाने आजार वाढतो की मंदावतो, हे पाहणाऱ्या अमेरिकी-कॅनेडियन चाचणीचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. तज्ज्ञांनी तपासून घेतलेल्या आणि स्कॅन झालेल्या 142 रुग्णांपैकी 21 जणांचा स्कॅन नॉर्मल होता, म्हणजे जवळपास 15 टक्के. मग चुकलं कोण, डॉक्टर की स्कॅन? त्यातच औषध घेणारे चालण्या-फिरण्यात सुधारलेले दिसत होते आणि त्यांचे स्कॅन जास्त खालावलेले. नॉर्मल स्कॅनच्या रुग्णांसाठी ‘स्वेड’ हा कप्पा तयार झाला आणि पुढे दशकभर तो जणू स्वतंत्र आजार असल्यासारखा वापरला गेला. पुढच्या वर्षांत बहुतेकांचे स्कॅन नॉर्मलच राहिले. अनेकांना डिस्टोनियाचा (स्नायू आपोआप आखडण्याच्या विकाराचा) किंवा साधा कंप होता. म्हणजे बहुतेक वेळा चुकलं होतं ते निदान.

पार्किन्सन्सच्या निदानाच्या 2015 च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी वाद एका फटक्यात मिटवला. स्कॅन सक्तीचा नाही, पण केला आणि नॉर्मल आला, तर पार्किन्सन्स नाही. व्यवहारात हे सोयीचं आहे. पण एकदा व्याख्येतच बसवल्यावर स्कॅन चुकण्याची शक्यताच उरत नाही, आणि ही अडचण फारशी बोलली जात नाही.

भारतात याच कामासाठी टेक्नेशियम या किरणोत्सर्गी द्रव्यावरचा ट्रोडॅट स्कॅन रुळला. डॅटस्कॅनमधल्या आयोडीन-123 ला सायक्लोट्रॉन हे मोठं यंत्र लागतं, टेक्नेशियम जनरेटरमधून विभागातच काढता येतं. तोतयांची आपसांतली ओळख मात्र एमआरआयवर आणि मेंदूतला साखरेचा वापर दाखवणाऱ्या एफडीजी पेटवर सोपवलेली आहे. पीएसपीत मध्यमेंदू झिजून उभ्या छेदात हमिंगबर्ड दिसतो, एमएसएत पॉन्समध्ये (मेंदूच्या देठाच्या एका भागात) फुली. खुणा ठळक, पण बऱ्याचदा उशिरा उमटणाऱ्या. पार्किन्सन्स आणि एमएसएत मेंदूत साचणारं प्रथिन, अल्फा-सायन्यूक्लिन, थेट दाखवणाऱ्या एका पेट ट्रेसरने (टोचायच्या द्रव्याने) 2023 मध्ये एमएसएच्या रुग्णांत लहान मेंदूतला साठा दाखवला. पार्किन्सन्समध्ये तोच ट्रेसर जवळजवळ निरुपयोगी ठरला.