'ओ' गटही जिथे चालत नाही

बॉम्बे रक्तगटाची गोष्ट मुंबईची असली, तरी तिचं मूळ शोधायला पॅरिसला जावं लागतं. १६६७ च्या डिसेंबरात ज्याँ-बातिस्त दनी या डॉक्टरने आंत्वान मोरुआ नावाच्या मनोरुग्णाला वासराचं रक्त दिलं. पहिल्या खेपेला निभावलं. दुसऱ्या खेपेला कंबर दुखू लागली, उलट्या झाल्या आणि लघवी काजळी कालवल्यासारखी काळी आली. रोगी शांत झाला म्हणून दनी खूश! ती काळी लघवी म्हणजे फुटलेल्या तांबड्या पेशींचं हिमोग्लोबिन होतं. मोरुआ पुढे दगावला. कोर्टात संशय बायकोने केलेल्या विषप्रयोगावर गेला, ते निराळं. पण फ्रान्समध्ये रक्त चढवण्यावरच बंदी आली.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी दाखवलं की एका माणसाचा रक्तद्रवही दुसऱ्याच्या पेशींच्या गुठळ्या करतो. आपल्या पेशींवर ए किंवा बी या साखरेच्या खुणा नसतील, तर त्यांच्याविरुद्धचे प्रतिपिंड, म्हणजे परक्या पेशींवर तुटून पडणारी प्रथिनं, आपल्यात आधीच तयार असतात, कधी रक्त घेतलेलं नसलं तरी. आतड्यातल्या जिवाणूंवर तशाच साखरा असतात. शरीर बहुधा तिथेच हा धडा गिरवतं. 'ओ' पेशींवर ए नाही, बी नाही. म्हणून 'ओ' सगळ्यांना चालतो, हा समज पक्का झाला.

१९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतल्या अशा माणसांची नोंद केली, ज्यांना 'ओ'सुद्धा जुळत नव्हता. ए आणि बी दोन्ही तयार होतात ते एच या प्रतिजनापासून, म्हणजे पेशीवरच्या मूळ खुणेपासून. 'ओ' पेशींवर तो जसाच्या तसा, भरपूर असतो. या, म्हणजे बॉम्बे रक्तगटाच्या, माणसांत एचच नाही, त्यामुळे त्यांच्या रक्तात एचविरोधी प्रतिपिंड असतात, आणि तेही शरीराच्या तापमानाला जोमाने काम करणारे. 'ओ'ची पिशवी चढली की पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मोरुआचंच दुखणं, यावेळी माणसाच्या रक्ताने.

पेशींची नेहमीची गट तपासणी यांना 'ओ' ठरवते, खोट उघडी पडते ती रक्तद्रव 'ओ' पेशींशी ताडून पाहिल्यावर किंवा क्रॉस मॅचमध्ये, म्हणजे दात्याचं आणि रोग्याचं रक्त एकत्र करून पाहताना. भारतात साधारण १० हजारांत एकाचा हा गट असतो. म्हणून दाता शोधताना आधी सख्खी भावंडं तपासतात: आईवडील दोघेही वाहक असले, म्हणजे दोघांकडेही या गटाच्या जनुकाची एकेक प्रत असली, तर प्रत्येक भावंडात तो सापडण्याची शक्यता चारात एक.