शवासन दवाखान्यात कसे आले

ताण आला की शवासन करा, हा सल्ला आता कुणीही देतो. पंधराव्या शतकातल्या ‘हठप्रदीपिके’त या आसनाच्या वाट्याला जेमतेम एक श्लोक आला आहे: प्रेतासारखे उताणे पडावे, शीण जातो, चित्ताला विश्रांती मिळते. रक्तदाब मोजून ते रुग्णांना देण्याची सुरुवात विसाव्या शतकातली, आणि त्यातला महत्त्वाचा टप्पा मुंबईतला.

त्याआधी तीन गोष्टी घडून गेल्या होत्या. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया यंत्रांनी तपासायला घेतल्या. अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू आवळून मग सोडण्याची पद्धत मांडली. निवांत पडलेल्या माणसाच्याही स्नायूंत ताठरपणा शिल्लक राहतो आणि त्याला स्वतःला तो कळत नाही, हे त्यांचे म्हणणे. पुढे १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी मॉन्ट्रियलमध्ये उंदरांवर थंडी, इजा, विषारी द्रव्ये असे नाना प्रकारचे मारे करून पाहिले. कारण कोणतेही असो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, छातीतली थायमस ग्रंथी आकसली, जठरात व्रण पडले; ताणाची शरीरावर उमटणारी खूण ती हीच.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्च रक्तदाबाचे ४७ रुग्ण, रोज ३० मिनिटे शवासन. कृती नेमकी ठरवलेली होती. पाय एकमेकांपासून ३० अंशांत, हात धडापासून १५ अंशांत, बोटे किंचित वळलेली, पापण्या अलगद मिटलेल्या. श्वास पोटाने, संथ; आत घेतल्यावर छोटा थांबा, सोडल्यावर जरा मोठा. लय बसली की लक्ष नाकपुड्यांवर: येणारी हवा गार, जाणारी कोमट. मग एकेक अवयव जड होत असल्याचे जाणवू द्यायचे. हे बहुतेकांना जमायला सुमारे तीन आठवडे लागत.

यांतल्या औषध न घेणाऱ्या रुग्णांच्या गटात सरासरी रक्तदाब १३४ वरून १०७ वर आला (हा वरचा किंवा खालचा आकडा नव्हे, दोन्हींवरून काढलेला मध्य). पण त्या गटात अवघे दहा जण होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. चंद्रा पटेल यांनी इंग्लंडमध्ये ३४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली आणि १९७५ मध्ये निष्कर्ष मांडले. शिथिलीकरण शिकलेल्यांचा सरासरी रक्तदाब १६८/१०० वरून १४१/८४ झाला, तर नुसतीच विश्रांती घेणाऱ्यांचा १६९/१०१ वरून १६०/९६. नुसते पडून राहणे आणि शिथिल होणे यांतला फरक इथे आकड्यांत दिसला.

घरी करताना बिघडते ते बहुधा श्वासाशी. थांबा ओढूनताणून लांबवला की पुढचा श्वास धापेसारखा येतो, छाती वर उचलली जाते आणि मान आवळते. अशा वेळी थांबा सोडून द्यावा, संथ श्वास तेवढा ठेवावा. झोप लागत असेल तर जेवणानंतरची वेळ टाळावी. मुंबईच्या अभ्यासात काहींचा औषधाचा डोस कमी झाला, पण तो डॉक्टरांनी रक्तदाब मोजून उतरवला होता. गोळ्या परस्पर बंद करू नयेत.